विषय वाचून संपला, आता हाताला काय काम? (अनुभव धागा)

मोडी, तारे, किल्ले, तबकड्या. एखाद्या विषयाचा दहा-पंधरा वर्षं नाद लागला की असा दिवस येतोच, नवं पुस्तक उघडावं आणि त्यात ठाऊक नसलेलं काहीच निघू नये. अशा वेळी तुम्ही काय करता ते लिहा. कसं वाटतं यापेक्षा नेमकं काय करता, कशाने मोजता, कुठे फसतं, हे आलं तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

मोडी

अक्षर ओळखता येऊ लागलं की न संपणारं काम म्हणजे कागदाची तारीख लावणं. पेशवाईतल्या पत्रांत बहुधा शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो आणि तोही अरबी शब्दांत. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. मग अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकं आधी, हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१.

हा सन मृग नक्षत्र लागलं की बदलतो. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणजे ११६१ अधिक ६००. सरसकट ६०० मिळवले की पावसाळ्यातले आणि दिवाळीतले सगळे कागद एक वर्ष पुढे सरकतात. ‘छ’ पुढचा आकडा हा चांद्रमासाचा दिवस, त्याच्याशेजारी मुसलमानी महिन्याचं नाव असतं. ते वाचल्याशिवाय बेरीज करूच नका.

दुसरा घोटाळा घडीचा. कागद घडीवर झिजतो आणि ‘समानीन मया व अलफ’मधलं शेवटचं ‘ईन’ गेलं की ‘समान’ उरतं. ११८० चं ११०८ होतं, म्हणजे १७७९-८० ऐवजी १७०७-०८. असं झालं की मजकुरातली माणसं तपासा. नाना फडणिसांचं नाव असेल तर १७०७ शक्य नाही, नानांचा जन्मच १७४२चा. एकेक कागद असा पक्का करत गेलं की जन्म पुरत नाही, आणि हे काम खरोखर हवं आहे.

आकाश

नक्षत्रं तोंडपाठ झाली असतील तर रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे धरा. दुर्बीणही लागत नाही. ययाती तारकासमूहातला अल्गोल एरवी २.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद), दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ३.४ पर्यंत उतरतो. तुलनेला देवयानीतला गॅमा (२.१), ययातीतले एप्सिलॉन (२.९) आणि कप्पा (३.८) घ्या. अल्गोल गॅमा आणि एप्सिलॉनच्या मध्ये वाटला तर ते अंतर मनात चार भागांत तोडा. गॅमापासून तीन भाग खाली असेल तर २.७ लिहा. दर वीस मिनिटांनी एक नोंद, आणि प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर, कारण आधीचा आकडा दिसला की डोळा त्याच्याच मागे जातो. चिठ्ठ्या सकाळी आलेखावर मांडा.

रात्री १ वाजता तो सर्वांत मंद दिसला तर तीन दिवसांनी तीच घडी ९.४९ ला येते, ३ तास ११ मिनिटं अलीकडे. त्यापुढची संधिप्रकाशात बुडते, तेव्हा या दोन रात्री सोडू नयेत. तारा क्षितिजापासून ३०° च्या खाली असताना अंदाज घेऊ नका, हवेमुळे तो खोटा मंद दिसतो. काक्षीसारखा (बीटलज्यूस) तांबडा तारा एकटक पाहू नका, पाहत राहिलं की तो उजळल्यासारखा वाटतो. नजर टाकायची आणि काढायची. फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षी १.६ प्रतीपर्यंत उतरली होती. आधीच्या नोंदी वहीत असणाऱ्यांना तो फरक रोहिणीशी ताडून नुसत्या डोळ्यांनी मोजता आला.

लाखेच्या तबकड्या

ग्रामोफोनच्या तबकड्यांची यादी पूर्ण झाली, दुर्मीळ ते मिळालं, की गतीकडे वळा. लेबलवर काहीही असो, जुन्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या असतीलच असं नाही. एक पट्टी (अर्धा स्वर) म्हणजे सुमारे ५.९ टक्के. ७८ वर गाणं एक पट्टी चढं वाटलं तर खरी गती ७३.६ च्या आसपास. पण पेटीवर एकदम विसंबू नका, तेव्हाच्या पेट्या आजच्या सुरात असतीलच असं नाही. एकाच गायकाच्या, लागोपाठ मॅट्रिक्स क्रमांकांच्या (ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) तबकड्या शेजारी ठेवा, त्या एकाच पट्टीत यायला हव्यात. गौहर जानच्या १९०२च्या कलकत्त्यातल्या ध्वनिमुद्रणांसारखं शेवटी गायक स्वतःचं नाव सांगत असेल तर फारच उत्तम. गाण्यापेक्षा बोलण्यात चुकीची गती लवकर कळते.

सुई ३ मिलची (०.००३ इंच) हवी. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. धुताना गार पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. स्पिरिट अजिबात नाही, लाख त्यात विरघळते. गती तपासायच्या, काळ्या-पांढऱ्या रेघांच्या चकतीवर चोक असलेल्या ट्यूबचा उजेड पाडा, गती बरोबर असली की रेघा थांबलेल्या दिसतात. बहुतेक एलईडी दिव्यांखाली त्या तशा दिसतच नाहीत.

किल्ले

गड मोजून झाले असतील तर गडावरची पाण्याची टाकी मोजा. लांबी, रुंदी टेपने. खोलीसाठी दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी आणि खाली दगड. दगड गाळावर टेकला की खोली कमी येते, म्हणून बांबूने टोचून गाळ वेगळा लिहा. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तेच टाकं ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये पाहिलं की गडावर उन्हाळ्यात किती माणसं राहू शकली असती याचा हिशोब सुरू होतो.

पक्षी

थोडक्यात. एक जागा, पंधरा मिनिटं, आठवड्यातला एकच ठरलेला वार. पावशाची पहिली हाक, नवरंगाचं पहिलं दर्शन तारखेसह. आणि काहीच दिसलं नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहा. तो रकाना रिकामा सोडला तर पक्षी नव्हता की बघणारा नव्हता, हे पाच वर्षांनी कळत नाही.