मदत हवी आहे : मध्ययुगीन ब्रोचवर हिरवी पूड धरतेय

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहते आणि मध्ययुगातले साधे दागिने जमवते. सोन्याचे नाहीत, तांब्याच्या मिश्रधातूचे. राजाराणीपेक्षा सामान्य माणसाच्या अंगावर काय होतं, यातच माझा जीव रमतो.

गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात एक गोल ब्रोच घेतला. १३व्या-१४व्या शतकात झग्याचा गळा बंद करायला असे ब्रोच लावत. आपल्या दहाच्या नाण्याएवढं कडं, आडवा काटा, आणि काट्याचं टोक टेकतं तिथे धातू घासून गुळगुळीत झालेला. कुणीतरी रोज लावत असणार!

आता खाचेत फिकट हिरवे ठिपके आलेत. टोकरलं की पिठासारखी पूड पडते. क्लोराइड (क्षार) आणि दमट हवेमुळे होणारा ‘ब्रॉन्झ डिसीज’, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूला पोखरणारा गंज, वाटतोय. सध्या हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवलाय. आई म्हणते चिंच लाव. देवघरातल्या तांब्याला ठीक, पण इथे शेकडो वर्षांची कांतीच निघून जाईल.

कुणी संवर्धनाचं काम करतं का? ठिपके घरी काढावेत की तज्ज्ञाकडेच द्यावा?

दुसरं म्हणजे, विक्रेत्याने तो कुठे सापडला ते सांगितलंच नाही. सापडलेल्या जुन्या वस्तू, मुख्यतः सोन्याचांदीच्या, सरकारला कळवाव्या लागतात, त्यासाठी इथे १९९६चा ट्रेझर ॲक्ट हा कायदा आहे. बाकीच्या बहुतेक वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, हिच्याकडे स्वेच्छेने होते. विकत घेतलेली वस्तू तिथे कुणी दाखवली आहे का? अनुभव असेल तर नक्की लिहा.