पारदर्शक अ‍ॅक्रिलिकसाठी फेव्हिक्विक नको

गणपतीच्या मूर्तीसाठी अ‍ॅक्रिलिकची पेटी करायची आहे, तर फेव्हिक्विक चालेल असं एकाने सुचवलंय. चिकटेल नक्की, पण त्याची वाफ आजूबाजूला पांढुरकी धूसर झाक सोडते आणि पारदर्शक पेटीत तीच आधी दिसते. शिवाय हा जोड ठिसूळ असतो.

अ‍ॅक्रिलिकला डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारं द्रव लागतं. ते मधे थर म्हणून राहत नाही, कडा किंचित विरघळवतं आणि स्वतः उडून जातं. दोन तुकडे अक्षरशः एकजीव होतात. कडा सपाट घासून घ्या, चिकटपट्टीने तुकडे जागेवर धरा आणि बारीक सुईच्या बाटलीने सांध्यावर थेंब सोडा. केशाकर्षणाने ते आपोआप आत पसरतं. फट असेल तर मात्र काही उपयोग नाही, कारण हे द्रव फट भरत नाही.

आणि नाशिकच्या पावसाळ्यात हे काम सरीच्या वेळी करू नका, हे कळकळीने सांगतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि सांधा दुधाळ होतो. वाफ विषारी आहे, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, मुलं लांब.

लेझरने कापलेल्या कडांना ताणामुळे बारीक तडे जाऊ शकतात. टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघा. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंदही इथे नको, तो कालांतराने पिवळा पडतो. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या डब्याला मात्र यातलं काहीच नीट धरत नाही, तिथे स्क्रूच लावा.