शब्दचर्चा : पिंगट केस आणि खलपुरुष

एक अडलेला शब्द सोडवून हवा आहे. हौसेखातर चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीची (१८४९-५०) काही प्रकरणं मराठीत करून बघतेय. त्यातला खलपुरुष उरिया हीप पहिल्यांदा दिसतो तिथे गाडं रुतलं. पोरगा पंधराचा, पण दिसायला थोराड. केस लाल आणि इतके बारीक कापलेले की कापणीनंतरची धसकटं आठवावीत. भुवया नावापुरत्या, पापण्यांना केस नाहीतच, डोळे तांबूस-तपकिरी. 'धसकटं' सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते. पण 'लाल केसांचा पोरगा' असं लिहून खर्डा मैत्रिणीला दिला, तर तिचा पहिला प्रश्न, "त्या काळी मुलं केस रंगवायची का गं?"

मग 'तांबडे' करून पाहिलं. तांबडं म्हटलं की माती नाहीतर पहाट. 'तांबूस' फार गोड, बाळाच्या जावळाला शोभेल. 'पिंगट' त्यातल्या त्यात बरा वाटतो. पण पिंगट म्हणजे नक्की काय? लाल, पिवळा की तपकिरी? आणि दुसरं म्हणजे, लाल केस दिसताच इंग्रजी वाचकाच्या मनात जी पाल चुकचुकते, ती मराठीत कशाने चुकचुकेल?

* * *

पांढऱ्यावरून पांढरट, तसा 'पिंग'वरून पिंगट. पिवळा, तपकिरी आणि तांबडा या तिघांच्या शिवेवरचा रंग. नेमका कुठला, ते विचारू नका, कारण अमरकोशानेही सांगितलेलं नाही. त्याने 'कडारः कपिलः पिङ्गपिशङ्गौ कद्रुपिङ्गलौ' असे सहा शब्द एका ओळीत बसवले आणि तो पुढे निघून गेला.

जाता जाता : 'पिंजारलेले केस' आणि 'पिंगट केस' यांची गल्लत बऱ्याच ठिकाणी वाचलीय. पिंजारणे हे कापूस पिंजण्यातलं, त्याचा रंगाशी काही संबंध नाही. काळेभोर केसही पिंजारलेले असू शकतात.

* * *

ताई, पिंगटच ठेवा. रंग जुळतो म्हणून नाही, तर तुम्हाला हवी असलेली पाल या शब्दात आधीपासून बसलेली आहे म्हणून. ती बरीच म्हातारी झालीय, एवढंच.

महाभारताच्या आदिपर्वात हिडिंब येतो तो 'रक्तश्मश्रुशिरोरुहः' असा, म्हणजे दाढी लाल, डोक्याचे केस लाल. डोळे पिंगट. नाट्यशास्त्रातही राक्षस, दानव, दैत्य यांचे मुखवटे करताना केस पिंगट करा असं सांगितलंय. कथकलीत तर दाढीच्या रंगावर पात्रांचे वर्गच पडतात. पांढरी दाढी हनुमानाची, काळी रानातल्या शिकाऱ्यांची, आणि लाल म्हणजे 'चुवन्न ताडी' दुःशासनासारख्यांची. प्रेक्षकाला कथा माहीत नसली तरी लाल दाढी रंगमंचावर आली की सावरून बसायचं, हे कळतं.

मनुस्मृती त्याच्याही पुढे जाते. 'नोद्वहेत्कपिलां कन्याम्', कपिल मुलीशी लग्न करू नये (३.८). कुल्लूकाच्या टीकेत कपिल म्हणजे कपिल केसांची. पुढे त्याच श्लोकात 'न वाचाटां न पिङ्गलाम्', म्हणजे फार बोलणारी नको आणि पिंगट डोळ्यांचीही नको. नाटकात राक्षसाला दिलेला रंग इथे बिचाऱ्या हाडामांसाच्या मुलीला चिकटला.

आता गंमत बघा. अंबिकेसमोर व्यास येतात तेव्हा तिला काय दिसतं? कपिल जटा, जळजळीत डोळे, पिंगट दाढी. ती घाबरून डोळे मिटते आणि म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मतो. म्हणजे हिडिंबाला राक्षस ठरवणारा रंग साधारण तोच, आणि तो ज्याने हे सगळं सांगितलं त्याच्याच डोक्यावर! तेव्हा पिंगट म्हणजे दुष्ट हे समीकरण आपल्याकडे कधी पक्कं झालंच नाही. पिंगट म्हणजे 'आपल्यातला नव्हे'. मग तो राक्षस असेल नाहीतर ऋषी.

* * *

युरोपातही थोडंफार तसंच आहे, फक्त तिथे ऋषी वजा झाले. येशूला पकडून देणाऱ्या जूडासचे केस कुठल्या रंगाचे होते, याबद्दल बायबल अवाक्षर काढत नाही. मध्ययुगातल्या चित्रकारांनी मात्र त्याला लाल केस दिले. शेक्सपिअरच्या वेळेपर्यंत ते इतकं सर्वपरिचित झालं होतं की 'ॲज यू लाइक इट'मध्ये रोझलिंड प्रियकराच्या केसांचा रंगच दगाबाजाचा आहे म्हणून कुरकुरते, आणि सीलिया म्हणते, जूडासपेक्षा जरा तपकिरीच आहेत गं. विनोदात आलं म्हणजे ते रुळलेलं होतं.

याला एक कडवट बाजू आहे. जूडासवरून हा रंग रंगभूमीवरच्या ज्यू पात्रांना लागला. शेक्सपिअरच्याच 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉक या ज्यू सावकाराला लाल केसांचा टोप घालायची प्रथा होती. एडमंड कीन या नटाने १८१४ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात काळा टोप घालून ती मोडली. डिकन्सच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या फेगिन या ज्यू खलपुरुषाचे केसही लालच, जटा झालेले. उरिया हीप ज्यू नाही, पण रंग त्याच डबीतला आहे. तेव्हा 'इंग्रजी वाचकाची पाल मराठीत आणायची' असं म्हणताना ती कुठल्या भिंतीवरची आहे हेही बघा.

शास्त्रापुरतं बोलायचं तर एमसी१आर या जनुकातल्या बदलांमुळे केसांत फिओमेलॅनिन हे तांबूस रंगद्रव्य जास्त तयार होतं, म्हणून केस लाल. जगात शंभरात एक-दोन माणसं तशी. दुर्मीळ असणं एवढाच त्यांचा गुन्हा.

* * *

पांढऱ्या केसांचं काय? हल्लीच्या ॲनिमेशनमधला तरणाताठा खलनायक हमखास पांढऱ्या केसांचा असतो. तिथे 'पांढरे' लिहिलं की मराठी वाचकाला आजोबा दिसतात.

* * *

खरंय. आपल्याकडे पांढरे केस म्हणजे अनुभव. 'हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असं म्हणणारा माणूस दरारा घालतो, पण दुष्ट नसतो. तिथे 'रुपेरी' किंवा 'चंदेरी' वापरावं, त्यात वय येत नाही.

मात्र जन्मतःच केस, भुवया, पापण्या पांढऱ्या असलेल्या पात्राला 'कोड असलेला' म्हणू नका. अनुवादांत ही चूक सर्रास दिसते. कोड चट्ट्याचट्ट्यांनी येतं. हे वेगळं, शरीरात रंगद्रव्य नसणं किंवा अगदी कमी असणं. त्याला रंगहीनता म्हणतात. असा माणूस खुनीच दाखवायचा ही चित्रपटांची जुनी खोड आहे. २००६च्या 'द दा विंची कोड'मधला खुनी भिक्षू तसा दाखवला, तेव्हा अमेरिकेतल्या रंगहीन लोकांच्या संघटनेने आक्षेप घेतला होता.

* * *

सगळं वाचलं. संस्कृतातले दाखले भारी आहेत, पण प्रश्न मराठीचा होता. आणि मला वाटतं मराठीत केसांच्या रंगावरून दुष्टपणा कळत नाही. ज्या भाषेत जवळजवळ सगळ्यांचेच केस काळे, तिथे रंग काय वेगळं सांगणार? आपण केसांची अवस्था बघतो. हडळ कशी? केस मोकळे सोडलेली. कजाग बाई? झिंज्या पिंजारून अंगावर येणारी. मांत्रिक जटावाला. आणि फार गुळगुळीत, तेल चोपडून चापूनचोपून बसवलेला भांग दिसला तर तो मुनीम पैसे खाणार, हे पहिल्या पानावर कळतं. रंगाचं काम आपण डोळ्यांवर सोपवलंय. 'घाऱ्या डोळ्यांचा' म्हटलं की अर्धं काम झालं. (माझे स्वतःचे डोळे घारे आहेत. शाळेच्या नाटकांत मला कायम कपटी मामाच मिळाला.)

आणि केस व दुष्टपणा यांचा मराठीतला अस्सल जोड कुणीच कसा काढला नाही? केसाने गळा कापणे! गोड बोलून, विश्वासात घेऊन घात करणं. उरिया हीप दुसरं करतो काय? सारखं 'मी अगदी नम्र माणूस' म्हणत हात चोळायचे आणि मालकाचा धंदा गिळायचा. तेव्हा ताई, रंगाला पिंगट म्हणा आणि पुढे जा. पाल चुकचुकायला तुमची धसकटं आणि त्या बिनपापण्यांच्या उघड्या डोळ्यांचं वर्णन पुरेसं आहे. पुढे कधीतरी कुणाच्या तरी तोंडी 'हा केसाने गळा कापणार' असं येऊ द्या.

अजून एक. त्याला 'खलनायक' म्हणू नका, 'खलपुरुष' म्हणा. नायकाच्या तोलाचा नाही तो.

* * *

पटलं. वाक्य असं केलंय :

'केस पिंगट, आणि कापणीनंतरच्या धसकटांसारखे मुळाशी छाटलेले. भुवया असून नसल्यासारख्या, आणि पापण्यांना केसच नसल्याने हा झोपतो तरी कसा, असं मला वाटून गेलं.'

शेवटचं वाटणं मूळातल्या डेव्हिडचंच आहे, मी पदरचं घातलेलं नाही. मैत्रिणीला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी रंगवण्याचं काही निघालं नाही. "कोण आहे हा? मला नाही आवडला," एवढंच म्हणाली.

* * *

छान झालंय! उशिरा आलो, पण वर अमरकोशाच्या ओळीतला 'कद्रू' कुणी उचलला नाही म्हणून लिहितोय. कद्रू म्हणजे पिंगट, आणि तेच नागांच्या आईचंही नाव. तिची आणि विनतेची पैज लागली होती उच्चैःश्रवा घोड्याच्या रंगावर. विनता म्हणाली, पूर्ण पांढरा. कद्रू म्हणाली, शेपूट काळं. हरेल तिने दासी व्हायचं. मग कद्रूने आपल्या मुलांना सांगितलं, जा, काळे केस होऊन त्या शेपटीला चिकटा.