'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळालं, मग वीरा साथीदारांचा साधा उल्लेखही का नाही?

बर्डीकर
६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा निकाल मार्च २०१५मध्ये लागला आणि 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. मराठीसाठी मोठंच वर्ष. पण नागपूरकर म्हणून माझी तक्रार आजही कायम आहे. गटार साफ करणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केलं, असा आरोप असलेला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला आपल्या वीरा साथीदारांनी. चळवळीतला माणूस, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक, पेशाने नट नव्हते. कोर्टात ते आवाज न चढवता उत्तरं देतात, तेव्हा शाहिराचं सगळं मागचं आयुष्य त्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसतं. असं काम शिकवून येत नाही. आणि परीक्षकांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही!

धरमपेठ_०७
पटत नाही. या सिनेमाची ताकदच ही, की त्यात कुणी एक नट उठून दिसत नाही. कॅमेरा स्थिर, लांब. वकील, न्यायाधीश, आरोपी सगळे सारख्याच अंतरावर. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्ट सुटल्यावर घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, तीही तितकीच अस्सल. मग त्यांना का नाही? अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी कन्नडच्या संचारी विजय यांना गेला, त्यात खोट काढता येणार नाही. सुवर्णकमळ अख्ख्या सिनेमाचं असतं, त्यात साथीदारही आले.

इंदोऱ्याचा_पोट्टा
अख्ख्या सिनेमाचं म्हणता भाऊ, तर मग चैतन्य ताम्हाणेले दिग्दर्शनाचं काहून नाही भेटलं? ते गेलं श्रीजित मुखर्जीले, बंगाली सिनेमासाठी. सिनेमा सगळ्यात चांगला अन् दिग्दर्शक दुसराच, हे माह्या डोक्यात बसत नाही.

बर्डीकर
संचारी विजय यांच्याबद्दल वाद नाही. मी सर्वोत्कृष्ट अभिनेता मागतच नाही. पुढच्याच वर्षी रिंकू राजगुरूला 'सैराट'साठी परीक्षकांचा विशेष उल्लेख मिळाला, तोही पहिल्याच सिनेमाला. म्हणजे वाट होती. गीतांजलीबाईंचं नावही यायला हवं होतं. त्याने माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट वाढतं.

सदरवाली
साथीदार दिल्लीच्या शिक्क्यासाठी जगले नाहीत. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाने गेले, ते इथेच, नागपुरात. परीक्षकांना जाब विचारताय, पण आपल्या शहराने त्यांची कदर कधी केली? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना 'कोर्ट'मधला शाहीर नागपूरचा होता हेच माहीत नाही. ते मला पुरस्कारापेक्षा जास्त लागतं.

धरमपेठ_०७
हे मात्र शंभर टक्के खरं.

इंदोऱ्याचा_पोट्टा
मंग दाखवू ना इथं, १४ एप्रिलच्या आठवड्यात. जागा मी पाहतो. रीतसर परवानगी कोणाकडून घ्या लागते, तेवढं सांगा कोणी.

बर्डीकर
परवानगीचं मी बघतो, निर्मात्यांना लिहितो. पण परीक्षकांबद्दलचा मुद्दा मी सोडलेला नाही.