‘कील’ला मराठीत काय म्हणायचं? कणा, नौतल की पठाण?

मीरा
किशोरवयीन वाचकांसाठी एका पुस्तकाचा अनुवाद करते आहे. विषय समुद्रावरची मोठी जहाजं. एका प्रकरणात तीन जहाजांच्या गोष्टी आहेत: 1869 साली पाण्यात उतरलेलं, चहा वाहणारं शिडांचं ‘कटी सार्क’, त्याच्या दहाबारा वर्षं आधीचं, ब्रिटिश अभियंता ब्रुनेलचं लोखंडी ‘ग्रेट ईस्टर्न’ आणि आजचं 400 मीटर लांबीचं कंटेनर जहाज. तिन्ही गोष्टींत एक वाक्य सारखंच येतं, की अमुक महिन्यात जहाजाची कील (इंग्रजी keel, तळाच्या मध्यातून लांबीभर जाणारा मुख्य आधार) घातली. मी ‘जहाजाचा कणा बसवला’ असं लिहिलं. संपादकांनी तिन्हीकडे ते खोडून ‘नौतल’ केलं. मग मजकूर जहाजावर नोकरी केलेल्या एका नातेवाइकांना दाखवला, तर ते म्हणाले, दोन्ही चूक, तिसऱ्या जहाजाला असला कणा नसतोच. आता मला तिन्हींना चालेल असा एक शब्द हवा आहे. आहे का?

डोलकाठी
‘नौतल’ कृपा करून नको. तो हिंदी परिभाषेतून आलेला शब्द आहे आणि अर्थही नीट सांगत नाही. तल म्हणजे तळ. कील म्हणजे सगळा तळ नव्हे. तळाच्या मध्यातून, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गेलेलं ते एक जाड लाकूड. माझे आजोबा लाकडी गलबतं बांधणारे सुतार होते. ते त्याला ‘पठाण’ म्हणत. पठाण घालायचं, मग पुढे नाळ, म्हणजे पुढच्या टोकाचं उभं लाकूड, उभी करायची, मग फासळ्या, मग फळ्या. हा क्रम मी लहानपणी इतक्यांदा ऐकलाय की ‘कणा’ वाचलं की मला दवाखान्यातलं चित्र दिसतं, जहाज दिसत नाही. चालता शब्द असताना नवा का घडवायचा?

शब्दपारखी
कारण ‘पठाण’ वाचून बारा वर्षांच्या मुलासमोर पगडीवाला माणूस उभा राहील, आणि त्यात त्या मुलाची काही चूक नसेल. शब्द कानाला अस्सल वाटला म्हणून तो वाचकाला कळतोच असं नाही. ‘कणा’ आपोआप कळतो. शिवाय ती उपमा एकटी नाही. फासळ्या तुम्ही स्वतःच म्हणालात. कणा, कण्याला जोडलेल्या फासळ्या, वर फळ्यांची कातडी. सगळं शरीर एकाच चित्रात बसतं. मीराताई, तुमचं मूळ वाक्य उत्तम होतं, तेच ठेवा.

इंजिनरूम
मी अठरा वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो, त्यामुळे ताईंच्या नातेवाइकांच्या बाजूने बोलतो. आजचं मोठं जहाज एका लाकडावर किंवा एका तुळईवर उभं राहत नाही. शेकडो टनांचे ठोकळे कारखान्यात वेगवेगळे तयार होतात. त्यांत नळ आणि शिड्यासुद्धा आधीच बसवलेल्या असतात. मग क्रेनने उचलून ते गोदीत एकाला एक वेल्ड करतात. तळ सपाट असतो आणि दुहेरी. मध्यातून एक जाड पत्रा जातो, त्याला नाव कीलचंच आहे, पण तो तळाच्याच पातळीत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो शोधून सापडणार नाही.

मग ‘कील घातली’ असं अजून का म्हणतात? कारण ती तारीख कायद्याला लागते. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारात कित्येक नियम ‘अमुक तारखेनंतर कील घातलेल्या जहाजांना लागू’ असे आहेत. कील घातली नसेल तर समकक्ष टप्पा धरतात: ते विशिष्ट जहाज ओळखता येईल असं काम सुरू झालेलं असावं, आणि किमान 50 टन किंवा एकूण बांधणी-सामानाच्या अंदाजी वजनाचा 1 टक्का, यांतलं जे कमी ते जोडून झालेलं असावं. मी एकाच नकाशावर बांधलेल्या दोन जहाजांवर काम केलंय. दोन्हींतली काही उपकरणं वेगळी होती, कारण दोघांच्या कीलच्या तारखांच्या मध्ये एक नियम बदलला होता. त्या वाक्यात ‘कणा बसवला’ लिहिलंत तर वाचकाला न झालेली गोष्ट झाली असं वाटेल. तिसऱ्या जहाजाला सरळ ‘बांधणी सुरू झाली’ म्हणा.

मीरा
हे 50 टनांचं मला अजिबात माहीत नव्हतं. पण मग ‘कटी सार्क’चं काय? तिथे तर खरीच कील आहे ना?

जुनी_पानं
तिथे खरी आहे. ‘कटी सार्क’चा सांगाडा लोखंडी आणि त्यावर लाकडी फळ्या, अशी मिश्र बांधणी होती. लोखंडी फासळ्या लाकडी फासळ्यांपेक्षा बारीक, म्हणून आत चहाच्या पेट्यांना जागा जास्त. आणि बाहेरून लाकूड असल्यामुळे तळाला तांब्याच्या जातीचा पत्रा मारता येई, म्हणजे शेवाळ आणि शिंपले धरत नसत आणि वेग टिकत असे. निव्वळ लोखंडी तळाला ते करता येत नाही, दोन धातूंच्या संगतीत खाऱ्या पाण्यात लोखंड गंजून जातं. शिडाच्या जहाजात कीलला आणखी एक काम असतं. वारा बाजूने आला की जहाज आडवं सरकू पाहतं, पाण्यात उतरलेली ती पट्टी त्याला अडवते. ते काम ‘कणा’ या शब्दात कुठेच येत नाही.

गंमत मधल्या जहाजाची आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’चा तळ सपाट होता, खाली उतरलेली नेहमीची कील त्याला नव्हतीच. ब्रुनेल पूल बांधणारा माणूस. त्याने जहाजाचा विचारही पोकळ तुळईसारखा केला: लोखंडी पत्र्यांची दोन कवचं, एकात एक, मध्ये सुमारे 86 सेंटिमीटर अंतर. 1862 मध्ये न्यूयॉर्कजवळ पाण्याखालच्या खडकाने बाहेरच्या कवचाला सुमारे 25 मीटर लांब चीर पाडली, तरी आतलं कवच शाबूत राहिलं आणि जहाज बंदराला पोचलं. म्हणजे इंजिनरूम ज्याला आजचं म्हणतात त्याची सुरुवात 1850च्या दशकातच झाली होती.

शब्दपारखी
म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू आहेत. मान्य. पण इंग्रजीने वस्तू बदलली तरी शब्द सोडला नाही, मग मराठीनेच दर वेळी शब्द का बदलायचा? आगबोटीत आग कधीच विझली, डिझेल आलं, तरी माणसं कितीतरी वर्षं आगबोटच म्हणत होती. ‘कणा’ही तसाच सपाट पत्र्याला लागू होईल. सवयीने होईल.

इंजिनरूम
मग एक अडचण सोडवून दाखवा. मोठ्या जहाजाच्या दोन्ही अंगांना, तळ आणि भिंत जिथे वळणाने मिळतात तिथे, लांब अरुंद पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. लाटांवर जहाज डुलतं ते कमी करायला. त्यांना बिल्ज कील म्हणतात. त्यांना काय म्हणणार, बाजूचे दोन कणे?

शब्दपारखी
त्यांना ‘कल्ले’ म्हणेन. किंवा ‘डुलरोधक पट्ट्या’. मूळ शब्द एक आहे म्हणून मराठीतही एकच हवा, असा काही नियम नाही.

डोलकाठी
मग वरच्या प्रतिसादात ‘शब्द का बदलायचा’ हा प्रश्न कोणाचा होता? आणि ‘कल्ले’ माशाला श्वास घ्यायला असतात, तोल सांभाळायला पर असतात. शुद्ध शब्दाचा आग्रह असेल तर निदान मासा तरी नीट बघा.

शब्दपारखी
पर बरोबर. ‘कल्ले’ मागे घेतो. ‘कणा’ मागे घेत नाही.

अदिती_वाचते
मला ‘कणा’च्या बाजूने एक मुद्दा आहे. 2013 मध्ये ‘एमओएल कम्फर्ट’ हे 316 मीटरचं कंटेनर जहाज हिंदी महासागरात मधोमध मोडलं. दोन्ही तुकडे काही दिवस वेगवेगळे तरंगत होते, मग बुडाले. मी तेव्हा घरी बातमी सांगताना सहज म्हटलं, ‘जहाजाचा कणा मोडला.’ कोणीही अर्थ विचारला नाही. पाणतीराबद्दलही (टॉर्पेडो) असंच वाचलंय. आजचा पाणतीर जहाजाच्या कुशीत घुसायच्या ऐवजी तळाखाली फुटतो, मधला भाग उचलला जातो आणि जहाजाची पाठ मोडते. मोडण्याच्या वेळी कणा चालतो, तर बसवण्याच्या वेळी का नाही?

इंजिनरूम
हा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं खाली झुकतात, जहाजाची पाठ वर येते. दोन लाटांवर दोन टोकं टेकली की पोट खाली लोंबतं. हे दर लाटेला, वर्षानुवर्षं चालू असतं. ‘कम्फर्ट’ पहिल्या प्रकारात गेलं, मध्यातला तळाचा पत्रा दाबाने वाकला. पण तिथे मोडतो तो सगळा डबा, वरच्या डेकपासून तळापर्यंत. मोडण्यासाठी ‘कणा’ मला चालेल, कारण तो वाक्प्रचार आहे. बसवण्यासाठी नाही, कारण ते बांधकामाचं वर्णन आहे.

जुनी_पानं
‘बांधकाम’ म्हणालात म्हणून एक जुना विचार मांडतो. आपण जहाज ‘बांधतो’. गाडी बनवतो, विमान बनवतो, पण जहाज बांधतो. माझी खात्री आहे की हे क्रियापद दोरीतून आलंय. हिंदी महासागरात कित्येक शतकं फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवत. भारतीय नौदलाने 2025 मध्ये दाखल करून घेतलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज त्याच पद्धतीने शिवलेलं आहे, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून. जहाज खरोखर बांधलं जायचं, म्हणून ‘बांधणी’.

शब्दपारखी
घर बांधतो, पूल बांधतो, धरण बांधतो, विहीरही बांधतो. त्यांतलं काय काथ्याने शिवलं होतं? ‘बांधणे’ हे जागेवर उभं करण्याच्या मोठ्या कामाचं क्रियापद आहे. व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून ती खरी होत नाही.

जुनी_पानं
घरसुद्धा आधी कुडाचं होतं, कूड बांधतातच. मी माझं मत सोडत नाही.

डोलकाठी
मग ‘नांगर’चं सांगा, मला वर्षानुवर्षं पडलेला प्रश्न. शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर एकच का? आजोबा म्हणायचे, दोन्ही जमिनीत रुततात म्हणून.

जुनी_पानं
शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’वरून. जहाजाचा फारसी ‘लंगर’वरून. दोन अनोळखी शब्द मराठीच्या तोंडात येऊन जुळे झाले, असं माझं म्हणणं.

शब्दपारखी
आणि मला आजोबांचं पटतं. फारसी शब्द आला असेलही, पण ‘ल’चा ‘न’ व्हायला शेतातला नांगर समोर होता. अर्थानेच त्याला ओढून घेतलं.

इंजिनरूम
नांगर नीट धरला असेल तर तो नांगरत नाही. मोठं जहाज बहुतेक साखळीच्या वजनावर उभं राहतं. साखळी शॅकल या मापात मोजतात, एक शॅकल 27.5 मीटरचा. असे कित्येक सोडले की त्यातला बराचसा भाग तळावर आडवा पडून राहतो, त्यामुळे नांगरावरची ओढ वर न येता आडवी राहते आणि तो रुतून बसतो. तळावर चर पडतो तो नांगर सुटून जहाज वाहायला लागल्यावर.

डोलकाठी
तरी आपण ‘जहाज नांगरलंय’ म्हणतो. ‘शेत नांगरलंय’ म्हणतो तसंच. एक उभं राहतं, दुसरं उलथतं, क्रियापद तेच.

मीरा
सगळ्यांचे आभार. संपादकांशी बोलले. ‘कटी सार्क’ला ‘पठाण’ ठेवून पहिल्यांदा येईल तिथेच एका वाक्यात अर्थ द्यायचा, कंटेनर जहाजाला ‘बांधणी सुरू झाली’, एवढं त्यांनी मानलं. ‘ग्रेट ईस्टर्न’वर अडलोय. तिथे त्यांना अजून ‘नौतल’च हवं आहे.

शब्दपारखी
तिथे कणा.

डोलकाठी
तिथे कीलच नव्हती असं वर लिहिलंय. मीराताई, मूळ पुस्तकात ‘कील घातली’ हे वाक्य त्याच्याबद्दल नक्की आहे का? एकदा पान काढून बघा.