बी.ई.वाल्यानं पुन्हा बॅचलर करायचं? काऊन?

तर्रीवाला: काल इथंच कोणी लिहिलं, "मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनो, ऑनलाइन कॉम्प्युटरची दुसरी पदवी घ्या, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी पक्की." खाली लाइकचा पाऊस. कोणाला मूर्ख बनवून राहिले भाऊ?

ही कल्पना अमेरिकेतली. तिकडं ओरेगन स्टेट विद्यापीठाचा पदवीधरांसाठीचा कोर्स ६० क्रेडिटचा आहे. पहिल्या पदवीत झालेले सर्वसाधारण विषय वजा होतात, उरतं निव्वळ कॉम्प्युटर सायन्स. आपल्याकडं ही वजाबाकीच नाही. आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बी.एस. घ्या, तेही डेटा सायन्सचं. पूर्ण १४२ क्रेडिट. इंजिनिअरिंगचं एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) घासून आलेल्या बी.ई.वाल्यालाही पहिल्या पायरीवर मॅथ्स-वन अन् इंग्लिश-वन! एका विषयाला आठवड्याचे १० तास धरतात. बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट करणारा एका टर्मला दोनच विषय ओढेल. फाउंडेशनचे विषय ८, वर्षाला टर्म ३. म्हणजे नुसत्या फाउंडेशनला १ वर्ष ४ महिने, तेही कुठं न अडकता. आठवड्याच्या असाइनमेंट चुकत गेल्या, रविवारच्या क्विझला दरवेळी नाइट शिफ्ट आडवी आली, की गेली टर्म. एवढ्यात दोन वर्षांची एमसीए (कॉम्प्युटरची मास्टर्स) निम्म्याहून जास्त होते.

संत्राबर्फी: "एमसीए करा" म्हणणं सोपं आहे हो. बारावीला गणित नसलेल्या बी.ए.वाल्या मुलीनं काय करायचं? इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमसीएला बारावीत किंवा पदवीत गणित लागतं. शिवाय पदवी कॉम्प्युटरची नसेल तर सी-पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा आणि डेटा स्ट्रक्चर्स यांचे ब्रिज कोर्स (पाया भरून काढणारे) वेगळे. मद्रासला दहावीचं गणित चालतं. आणि १४२ क्रेडिट संपेपर्यंत थांबायला कोणी सांगितलंय? फाउंडेशननंतर प्रोग्रामिंगचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यात ६ विषय, २ प्रोजेक्ट. एक फ्लास्कमध्ये, दुसरा व्ह्यूमध्ये (दोन्ही वेब अॅप बनवायची साधनं), वर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा. नेटवरून उचललेला प्रोजेक्ट व्हायव्हात "हा राउट इथं का लिहिला?" एवढ्या एका प्रश्नात उघडा पडतो.

सावजी_सर्व्हर: इग्नूचं नाव निघालंच आहे तर बोलतो. कागदावर सी लिहायला लावणं आधी बंद करा बाप्पा! स्कॅनएफमध्ये (आकडा वाचायची सीची आज्ञा) अँपरसँड (&) राहिला, तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला, पूर्ण मार्क. तोच कोड मशीनवर टाका. फार तर वॉर्निंग येते, पण कंपाइल होतो. आकडा टाकून एंटर मारला की बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. व्हेरिएबलचा पत्ता जायला पाहिजे तिथं त्याच्या आतला कचराच पत्ता म्हणून जातो ना. असे एमसीए पैदा करून राहिले आपण.

गोरेवाडा: साफ चूक. कागदाशिवाय ड्राय रन, म्हणजे कोड ओळीओळीनं हातानं चालवून पाहणं, येत नाही. बबल सॉर्ट घ्या (शेजारचे आकडे ताडून क्रम लावणं), ५ आकडे. आतल्या लूपची हद्द "एन वजा आय वजा १" हवी (एन म्हणजे एकूण आकडे, आय म्हणजे झालेल्या फेऱ्या), पोरं शेवटचा १ विसरतात. अॅरेत, म्हणजे आकड्यांच्या यादीत, क्रमांक ० पासून सुरू होतात. पहिल्याच फेरीत ४ क्रमांकाचा घटक ५ क्रमांकाशी ताडला जातो, अन् ५ क्रमांकाचा घटक अॅरेत नाहीच! सी चूप बसते, पुष्कळदा उत्तरही बरोबर दिसतं. वहीत आय, जे आणि टेम्पचे तीन रकाने आखले तर पाचव्या ओळीतच पेन अडतो. तुमच्या मशीनला जे दिसत नाही ते कागदाला दिसतं.

सावजी_सर्व्हर: वा, गुरुजी! मग वहीत करा ना ड्राय रन, परीक्षा कशाला वहीत? मद्रासवाले प्रोग्रामिंगची परीक्षा मशीनवर घेतात, कॅमेऱ्याच्या निगराणीत. दाखवलेले टेस्ट केस (कोड तपासायचे नमुने) पास, लपवलेले फेल. काऊन? तर सरासरी काढताना रिकामी लिस्ट आली अन् शून्यानं भागाकार झाला. ही चूक तुमच्या तीन रकान्यांत कधी दिसली असती?

गोरेवाडा: रिकामी लिस्ट घेऊन ड्राय रन केला असता तर पहिल्याच ओळीत! अन् ऐन निगराणीत लाइट गेली तर टेस्ट केस कोण पास करणार, तुमचा इन्व्हर्टर?

तर्रीवाला: अरे धागा कशाचा, चाललं काय! अँपरसँडसाठी दुसरा धागा काढा.

उन्हाळी: मूळ मुद्द्यावर. फ्रेशर भरतीत पासिंग वर्ष आणि शिक्षणातला गॅप विचारतात. दुसऱ्या पदवीनं वर्षाचा रकाना नवा होतो, हे खरं. म्हणून काही जण जुनी नोकरीच लपवतात. ते करू नका. पडताळणीत यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागतात, पीएफच्या नोंदीतून सगळं निघतं, अन् हातात आलेली ऑफर जाते.

दुसरं, "ऑनलाइन बी.टेक." म्हणून कोणी विकत असेल तर उठून चालते व्हा. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, ते मानत नाही. यूजीसीनं २०२२ मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या ठरवल्या, पण मान्यताप्राप्त संस्थांच्याच. अशा विद्यापीठांत प्रवेशाआधी डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा) काढावा लागतो, त्याला एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा) लागतो. तिथं नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच टाका. आधारवर वडिलांचं नाव मध्ये अन् मार्कशीटवर शेवटी, एवढ्यावर फॉर्म अडतात.

संत्राबर्फी: उन्हाळींनी दोन परिच्छेदांत काम केलं. तर्रीवाले, आता बोला.

तर्रीवाला: बोलतो ना. बारावीला गणित नसलेल्यांपुरतं माझं एमसीएचं म्हणणं मागे, घ्या, वाजवा टाळ्या. बी.ई.वाल्यांसाठी मागे नाही. त्यांना गेटचा (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आजही देता येतो, दुसरी पदवी लागत नाही. सिलॅबसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कंपायलर सगळं आहे. मद्रासच्या बी.एस.मध्ये हे सक्तीचं नाही. अन् स्कोअर ३ वर्षं चालतो.

संत्राबर्फी: अन् त्या तयारीला आठवड्याचे किती तास? तुमचा बुटीबोरीवाला तेव्हा शिफ्ट सोडणार आहे का?

सावजी_सर्व्हर: अँपरसँडचा धागा काढला. गोरेवाडा, या तिकडं. वही आणा.