आधी खांब तपासा
आपल्या एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) कुंपणाला व्हायनिल (प्लास्टिक) लावायचं की सीडरचं लाकूड, यावर या चर्चेत बरीच खडाजंगी झाली, पण खांबांबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे डॅलसजवळ सीडरचंच कुंपण होतं. फळ्या करड्या पडलेल्या, पण ठणठणीत. सडले होते ते खांब, तेही जमिनीलगत, जिथे ओल धरते. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लोण्यात शिरल्यासारखा आत!

शेवटी गॅल्व्हनाइज्ड लोखंडी खांब घातले आणि बऱ्याचशा फळ्या तशाच परत ठोकल्या. इथली काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब उथळ पुरले की कुंपण झिंगल्यासारखं झुकतं. म्हणून कोटेशनमध्ये खड्ड्याची खोली लिहून घ्याच. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने ती मोघम ठेवली होती. खणण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या नळ्या-तारांवर खुणा करून देणारी अमेरिकेतली सेवा) फोन करा, फुकट आहे. (शेजाऱ्यांची स्प्रिंकलरची नळी तरीही फुटली. घरच्या खासगी नळ्यांवर ८११वाले खुणा करत नाहीत.)

आणि हो, स्पेशल असेसमेंटचं (सभासदांकडून घ्यायच्या जादा वर्गणीचं) मतदान लावण्याआधी कुंपण नक्की कुणाच्या हद्दीत आहे ते सर्व्हेत (जमिनीच्या मोजणी नकाशात) बघून ठेवा. आमची अर्धी सभा त्यातच गेली.